पॉलिफिल डॉट आयओ : मालक बदललेल्या एका मोफत साधनाचे प्रकरण

ब्लॉग किंवा संकेतस्थळ चालवणारा माणूस जी ऑनलाइन साधने वापरतो, त्यांपैकी बरीचशी तो विकत घेत नाही आणि स्वतःच्या सर्व्हरवर उतरवूनही घेत नाही. वाचकसंख्या मोजण्याचे साधन असो, अक्षरे सुबक दाखवणारा फॉन्ट असो, लेख पुढे पाठवण्याची बटणे असोत की गणिती सूत्रे मांडणारे सॉफ्टवेअर असो, त्या साधनाच्या मदतपानावर दिलेली एखादी ओळ उचलून तो आपल्या पानाच्या साच्यात चिकटवतो आणि काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात त्या क्षणापासून त्याच्या प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरवरून येणारा मजकूर किंवा कोड दाखल होऊ लागतो, आणि तो उद्या काय असेल हे ठरवण्याचा अधिकार त्या दुसऱ्याकडे जातो. 2024 साली पॉलिफिल डॉट आयओ या साधनाच्या बाबतीत जे घडले, त्यातून हा अधिकार किती सहज हस्तांतरित होऊ शकतो हे फार स्वच्छ दिसते. प्रकरण तांत्रिक असले, तरी त्यातला कळीचा मुद्दा समजायला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

साधन नेमके काय करत होते

साधारण 2010 ते 2016 या काळात संकेतस्थळ बनवणाऱ्यांची मोठी डोकेदुखी म्हणजे ब्राउझरांमधील तफावत. जावास्क्रिप्ट भाषेत नवनव्या सोयी येत होत्या, परंतु इंटरनेट एक्सप्लोररसारख्या जुन्या ब्राउझरांना त्या कळत नसत. नव्या सोयी वापरून लिहिलेले पान जुन्या ब्राउझरमध्ये अर्धवट उघडे किंवा उघडतच नसे. ज्या सोयी ब्राउझरमध्ये नाहीत, त्या कोड लिहून भरून काढायच्या, हा यावरचा उपाय होता, आणि अशा भरणा करणाऱ्या कोडलाच पॉलिफिल म्हणतात. मात्र सगळा भरणा सगळ्या वाचकांना पाठवला, तर ज्यांचे ब्राउझर अद्ययावत आहेत त्यांच्यावरही विनाकारण ओझे पडते.

फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राच्या तंत्रज्ञांनी यावर एक देखणा तोडगा काढला. अँड्र्यू बेट्स यांनी सुरू केलेल्या या सेवेत वाचकाचा ब्राउझर फाइल मागताना स्वतःची जी ओळख सांगतो, ती सर्व्हर वाचत असे आणि त्या विशिष्ट ब्राउझरला जेवढे कमी आहे तेवढेच बांधून पाठवत असे. जुन्या ब्राउझरला भलीमोठी फाइल मिळे, तर नव्याला जवळजवळ रिकामी. सेवा मोफत होती, तिचा कोड सर्वांसाठी खुला होता आणि फास्टली या कंपनीच्या जाळ्यावरून ती वेगाने पुरवली जात असे. संकेतस्थळाच्या मालकाला फक्त एक ओळ लिहावी लागे.

हा तोडगा इतका सोयीचा होता, की इतर साधनांच्या मदतपानांवरही तो जाऊन बसला. संकेतस्थळावर गणिती सूत्रे दाखवण्यासाठी मॅथजॅक्स हे साधन सर्रास वापरले जाते. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मदतपानावर नमुना म्हणून दिलेल्या ओळींमध्ये मॅथजॅक्सच्या ओळीच्या वरच पॉलिफिलची ओळ होती. गणित किंवा विज्ञानावर लिहिणाऱ्या ज्या ब्लॉगलेखकांनी हा नमुना जसाच्या तसा उचलला, त्यांना आपण एक नव्हे तर दोन वेगळ्या पुरवठादारांचा कोड आपल्या पानात आणत आहोत याची जाणीव असण्याचे फारसे कारण नव्हते. थीम आणि प्लगइन यांच्यामार्फत ज्यांच्याकडे ही ओळ आली, त्यांनी तर ती कधी पाहिलीही नसेल.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर 11 चा पाठिंबा जून 2022 मध्ये बंद केला, आणि पॉलिफिल सेवा ज्या सोयी भरून देत होती त्या तोवर सर्व प्रमुख ब्राउझरांमध्ये कधीच आलेल्या होत्या. म्हणजे 2024 मध्ये ज्या संकेतस्थळांवर ही ओळ शिल्लक होती, त्यांपैकी बहुतेकांचे वाचक तिच्यामार्फत जवळजवळ रिकामी फाइल मागवत होते. गरज संपली होती, वहिवाट मात्र चालू होती.

विक्री

फेब्रुवारी 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन, म्हणजे सेवेचा इंटरनेटवरील पत्ता, आणि त्यासोबतचे गिटहब (खुला कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) खाते फननल नावाच्या कंपनीकडे गेले. स्वतःला कोड-वितरणाची सेवा म्हणवणाऱ्या या कंपनीचा उल्लेख सुरुवातीच्या अहवालांत चिनी कंपनी असा झाला, तर पुढे अमेरिकी सरकारने तिची नोंद फिलिपिन्समधील कंपनी म्हणून केली. 25 फेब्रुवारीच्या सुमारास अँड्र्यू बेट्स यांनी जाहीरपणे लिहिले, की ज्यांच्या संकेतस्थळावर पॉलिफिल डॉट आयओ आहे त्यांनी ते ताबडतोब काढून टाकावे, ही सेवा आपण सुरू केली असली तरी डोमेन कधीही आपल्या मालकीचे नव्हते आणि त्याच्या विक्रीवर आपला काहीही प्रभाव नव्हता. आज कोणत्याही संकेतस्थळाला या संग्रहातील पॉलिफिलची गरज उरलेली नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

या विधानातील मालकीचा भाग संपूर्ण प्रकरणाच्या मुळाशी आहे. एखादे ऑनलाइन साधन कोणी बनवले, त्याचा कोड किती चांगला आहे, तो खुला आहे की नाही, या गोष्टी आपण पाहतो आणि त्यावरून विश्वास ठेवतो. परंतु आपल्या पानातील ओळ निर्मात्याकडे बोट दाखवत नसते, तर ती एका डोमेनकडे बोट दाखवते. ते डोमेन ज्याच्या ताब्यात, त्याचा कोड वाचकाकडे चालतो. घरी रोज येणारा दुधाचा रतीब दुसऱ्याच कोणी विकत घ्यावा, वेळ तीच, किटली तीच, आणि दार उघडणाऱ्याला फक्त दूध बदलल्याचे कळू नये, असा हा व्यवहार होता. लाखो संकेतस्थळांच्या मालकांपैकी कोणाचीही संमती त्यासाठी लागली नाही, आणि कोणालाही तसे कळवले गेले नाही, कारण कळवण्यासाठी त्यांची यादी कोणाकडे नव्हतीच. मोफत आणि नोंदणीविना मिळणाऱ्या साधनाची ही दुसरी बाजू आहे.

संकेतस्थळांचा मजकूर वाटेतील आपल्या सर्व्हरांवरून वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर आणि फास्टली या कंपन्यांनी मात्र फेब्रुवारीतच धोका ओळखून मूळ सेवेच्या सुरक्षित प्रती आपापल्या जाळ्यावर उपलब्ध करून दिल्या. ज्यांना ओळ काढून टाकण्याचे धाडस होत नव्हते, त्यांना केवळ पत्ता बदलून भागवता आले असते. ज्यांनी त्या दिवसांत तंत्रज्ञांची चर्चा वाचली, त्यांनी ते केलेही. बाकीच्यांच्या पानांवर ओळ तशीच राहिली.

25 जून

चार महिन्यांनंतर, 25 जून 2024 रोजी, ऑनलाइन दुकानांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या सॅनसेक या डच कंपनीने जाहीर केले, की पॉलिफिल डॉट आयओवरून येणाऱ्या फाइलमध्ये घातक कोड मिसळलेला आहे आणि एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर ती फाइल वापरली जात आहे. वापरकर्त्यांच्या नावांत शोधनिबंधांचा संग्रह जेस्टोर, इन्ट्युइट ही सॉफ्टवेअर कंपनी आणि वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम यांचा समावेश होता. सेन्सिस या कंपनीने 2 जुलैला केलेल्या पाहणीत ही ओळ बाळगणारे 3,84,773 होस्ट (इंटरनेटवरील सर्व्हर) आढळले, त्यांपैकी सुमारे 2,37,700 एकट्या हेट्झनर या जर्मन होस्टिंग कंपनीच्या जाळ्यात होते. क्लाउडफ्लेअरचा अंदाज तर वेबच्या सुमारे 4 टक्के इतका होता. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली. प्रत्यक्षात किती वाचकांना त्रास झाला, हे यांपैकी कोणताच आकडा सांगत नाही.

घातक कोड करत होता ते वरकरणी साधे होते : मोबाइलवरून आलेल्या काही वाचकांना मूळ पानावरून उचलून क्रीडा-सट्ट्याच्या संकेतस्थळाकडे पाठवणे. त्यासाठी वापरलेले मधले डोमेन गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या नावाची नक्कल होते. दोन्ही शब्दांतील इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या जागी ‘आय’ घातलेला होता. पानाचा कोड घाईत वाचणाऱ्याला ते ओळखीचे मोजमाप-साधनच वाटावे, असा हेतू उघड आहे.

मालकाला काहीच का दिसले नाही

या प्रकरणाचा सर्वांत अभ्यासण्याजोगा भाग इथे आहे, आणि सामान्य ब्लॉगलेखकासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सॅनसेकच्या विश्लेषणानुसार हा कोड फक्त ठरावीक मोबाइल उपकरणांवर आणि ठरावीक वेळांनाच जागा होत असे. पान पाहणारी व्यक्ती संकेतस्थळाची व्यवस्थापक आहे असे आढळले, तर तो गप्प बसे. पानावर वाचकसंख्या मोजणारे साधन सापडले तर तो आपले काम थोडे लांबवत असे, जेणेकरून पळवलेल्या वाचकाची नोंद आकडेवारीत दिसू नये.

आता संकेतस्थळाच्या मालकाची बाजू पाहू. एखादा वाचक कळवतो, की तुमचा लेख उघडला आणि भलतेच जुगाराचे पान आले. मालक आपल्या संगणकावर, बहुधा व्यवस्थापक म्हणून लॉगिन असतानाच, तेच पान उघडून पाहतो आणि त्याला सगळे ठीक दिसते. तो आकडेवारी तपासतो, तिथेही काही वावगे नाही. तो मोफत मिळणाऱ्या एखाद्या मालवेअर-तपासणी साधनाला आपला पत्ता देतो, तर ते साधन मोबाइलवरील खऱ्या वाचकासारखे वागत नसल्यास त्यालाही निर्मळ फाइल मिळण्याची शक्यता राहते. निष्कर्ष काय निघणार? वाचकाच्या फोनमध्येच काहीतरी बिघाड असावा. हा निष्कर्ष काढणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्या हातातील प्रत्येक पुरावा तेच सांगत असतो.

प्रत्येक वाचकाला वेगळी फाइल देणे हा पॉलिफिल सेवेचा मूळ गुण होता. नव्या मालकाला काही मोडतोड करावी लागली नाही. ब्राउझर ओळखून फाइल बांधून देणारी यंत्रणा तयारच होती, आणि तिच्यामुळेच एकाला औषध आणि दुसऱ्याला विष अशी वाटणी करणे सोपे गेले. ज्या गुणामुळे साधन लोकप्रिय झाले त्याच गुणामुळे त्याचा गैरवापर लपून राहिला, आणि म्हणूनच ‘चांगले साधन’ आणि ‘सुरक्षित साधन’ हे दोन निकष वेगळे ठेवले पाहिजेत, असे माझे मत आहे.

मग ते आवरले कसे

संकेतस्थळांच्या मालकांनी एकजुटीने ओळी काढल्या आणि संकट टळले, असे झाले नाही. ते आवरले गेले मधल्या पायऱ्यांवरच्या संस्थांमुळे. ज्या पानांवर ही फाइल होती, त्यांच्या जाहिराती गूगलने अडवल्या आणि जाहिरातदारांना सूचना पाठवल्या. त्या सूचनेत पॉलिफिलखेरीज बूटसीएसएस, बूटसीडीएन आणि स्टॅटिकफाइल या सेवांचाही उल्लेख होता. 26 जूनला क्लाउडफ्लेअरने आपल्या मोफत योजनेतील संकेतस्थळांच्या पानांमध्ये ही ओळ आढळल्यास तिचा पत्ता आपोआप सुरक्षित प्रतीकडे वळवायला सुरुवात केली, तर पैसे भरणाऱ्या ग्राहकांना ती सोय एका कळीवर दिली. 27 जूनला नेमचीप या डोमेन-नोंदणी कंपनीने पॉलिफिल डॉट आयओ हे नावच गोठवले. नव्या मालकांनी आपली बदनामी होत असल्याचा कांगावा करून पॉलिफिल डॉट कॉमवरून दुकान पुन्हा थाटण्याचा प्रयत्न केला, तेही डोमेन पुढे बंद पडले.

क्लाउडफ्लेअरने केलेली दुरुस्ती उपकारक होती, यात शंका नाही. तरीही ती करताना एका कंपनीने लक्षावधी संकेतस्थळांच्या पानांतील मजकूर मालकांना न विचारता वाटेतच बदलला, हेही तितकेच खरे. हे पाऊल अपवादात्मक असल्याचे त्या कंपनीनेही त्या वेळी म्हटले होते. पुरवठादाराला बदल करता येणे हाच धोका आणि हाच उपाय, असा हा विचित्र पेच आहे.

ठशाची पडताळणी इथे का चालली नसती

बाहेरून येणाऱ्या फाइलमध्ये कोणी फेरफार केला तर ती चालूच नये, यासाठी ब्राउझरांमध्ये एक सोय आधीपासून आहे. सबरिसोर्स इंटेग्रिटी या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे प्रमाणक वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2016 मध्ये मान्य केले. पद्धत अशी, की अपेक्षित फाइलचा गणिती ठसा काढून तो त्याच ओळीत लिहायचा. ब्राउझर आलेल्या फाइलचा ठसा काढून ताडून पाहतो, आणि एका अक्षराचाही फरक पडला तर ती फाइल फेकून देतो. असा ठसा काढून देणारी मोफत साधने वेबवर आहेत, आणि जेक्वेरीसारख्या तयार कोडच्या संग्रहाची ठरावीक आवृत्ती बाहेरून घेताना ही पद्धत बिनबोभाट काम करते.

पॉलिफिलच्या बाबतीत तिचा उपयोग नव्हता. प्रत्येक ब्राउझरसाठी फाइल वेगळी, म्हणजे ठसाही वेगळा. एकच ठसा लिहिला असता तर बहुसंख्य प्रामाणिक वाचकांनाही फाइल नाकारली गेली असती. यावरून एक कामचलाऊ कसोटी हाती लागते : ज्या साधनाच्या फाइलला ठसा लावता येतो, त्याचा पुरवठादार बदलला तरी आपल्याला न कळता कोड बदलत नाही, आणि ज्याला ठसा लावता येत नाही त्याच्या पुरवठादारावर आपण रोज नव्याने विश्वास टाकत असतो. वाचकसंख्या मोजणारी साधने, जाहिराती आणि प्रतिक्रियांच्या चौकटी बहुतांशी दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्या वापरू नयेत असे नाही, पण त्यांची संख्या मोजकी असावी आणि प्रत्येकीमागे कोण उभे आहे हे ठाऊक असावे.

संकेतस्थळाने कोणकोणत्या डोमेनवरून कोड घ्यावा याची यादी सर्व्हरमार्फत ब्राउझरला देण्याचीही सोय आहे, जिला कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी म्हणतात. या प्रकरणात पॉलिफिल डॉट आयओ हे नाव मालकानेच त्या यादीत घातलेले असणार, त्यामुळे पहिली फाइल अडली नसती. नकली डोमेनवरून मागवली जाणारी पुढची फाइल मात्र अडण्याची शक्यता होती. अंशतः उपयोगी, एवढेच म्हणता येईल.

स्वतःच्या पानाची झडती

या प्रकरणावरून ब्लॉगलेखकाने करण्याजोगे काम फारसे कठीण नाही, आणि त्याला लागणारे साधन ब्राउझरमध्येच आहे. आपले पान लॉगिन नसलेल्या खिडकीत उघडावे, ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स उघडून त्यातील नेटवर्क या विभागात जावे आणि पान पुन्हा लोड करावे. पान कोणकोणत्या डोमेनवरून काय मागवते याची संपूर्ण यादी समोर येते. मोबाइलचे रूप धारण करून पान पाहण्याची सोयही त्याच साधनात आहे आणि ती वापरून यादी पुन्हा पाहावी. जुन्या ब्लॉगच्या बाबतीत या यादीत विसरलेल्या गोष्टी निघतातच : कधीकाळी हौसेने लावलेला भेटींचा मोजक, बंद पडलेल्या सेवेची बटणे, थीमसोबत आलेले आणि कधीच न वापरलेले स्लायडर. यादीतले जे नाव आपण ओळखत नाही, त्याची ओळ थीममध्ये, प्लगइनमध्ये किंवा साच्यात शोधून काढावी आणि ती काढल्यावर पान मोडते का ते पाहावे. माझ्या मते बऱ्याचदा काहीच मोडत नाही, आणि ही बाब स्वतःच बोलकी आहे.

शोधयंत्राच्या बाजूने गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन आहे, ज्यात सुरक्षाविषयक त्रुटींचा स्वतंत्र अहवाल असतो. गूगलच्या यंत्रणेला पान संशयास्पद वाटले तर मालकाला तिथे आणि ईमेलने कळते. ज्यांनी आपले संकेतस्थळ तिथे नोंदवलेले नाही, त्यांनी ते नोंदवावे. पण वर पाहिले तसा निवडक वाचकांपुरता जागा होणारा कोड अशा तपासणीतूनही निसटू शकतो. त्यामुळे तपासणीच्या साधनांपेक्षा यादी आखूड ठेवणे अधिक भरवशाचे आहे.

ज्या फाइल बदलत नाहीत त्या सरळ आपल्या सर्व्हरवर ठेवाव्यात. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे देवनागरी फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट अनेक जण गूगल फॉन्ट्सवरून ओळ चिकटवून वापरतात. ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे उतरवून स्वतःच्या संकेतस्थळावरून देण्यास कोणतीही आडकाठी नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइल रोमन फॉन्टपेक्षा जड असतात, हे खरे, तेव्हा त्या डब्ल्यूओएफएफ2 या दाबलेल्या स्वरूपात ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच जाडीच्या घ्याव्यात. गूगलला कोणी विकत घेईल अशी भीती दाखवण्याचा इथे हेतू नाही. गूगल फॉन्ट्सची शैली-फाइलदेखील ब्राउझर पाहून वेगवेगळी बांधली जाते आणि तिलाही ठसा लावता येत नाही, इतकेच लक्षात आणून द्यायचे आहे.

नंतरची हकीकत

29 मे 2025 रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने फननल कंपनीवर आणि तिच्या एका प्रशासकावर निर्बंध लादले. मुख्य आरोप आभासी चलनातील गुंतवणुकीच्या फसव्या संकेतस्थळांना पायाभूत सोयी पुरवल्याचा होता, आणि त्यांत अमेरिकी नागरिकांचे 20 कोटी डॉलरपेक्षा अधिक नुकसान झाल्याचे खात्याने म्हटले. संकेतस्थळ बनवणारे वापरतात असा कोडचा एक संग्रह कंपनीने 2024 मध्ये विकत घेतला आणि त्यात फेरफार करून प्रामाणिक संकेतस्थळांचे वाचक फसव्या व जुगाराच्या पानांकडे वळवले, याचीही नोंद त्या निवेदनात आहे. सट्ट्याच्या पानाकडे होणारी ती किरकोळ वाटणारी पळवापळवी एका मोठ्या धंद्याचा भाग होती, हे त्यामुळे अधिकृतपणे समोर आले.

डोमेन गोठवल्यामुळे जून 2024 मध्ये लगेचचा धोका टळला. पानांमधील ओळी मात्र त्यामुळे नाहीशा झाल्या नाहीत. जिथे त्या अजून आहेत, तिथे त्या पत्त्यावर कोड मागण्याची परवानगीही शाबूत आहे, आणि तो पत्ता पुढे कधी मोकळा झाला तर ज्याच्या नावावर चढेल त्याला ती आपोआप मिळेल. ज्यांच्या संकेतस्थळावर मॅथजॅक्सचा जुना नमुना, 2024 पूर्वीची थीम किंवा बराच काळ अद्ययावत न केलेले प्लगइन आहे, त्यांनी पानाच्या कोडमध्ये या डोमेनचे नाव (polyfill.io) शोधावे. सापडले तर ओळ खोडून टाकावी, तिच्या जागी दुसरे काहीही ठेवण्याची गरज नाही.